पॅकेजचा दर आणि पैसे येण्याची तारीख

२०२५च्या ऑगस्टमध्ये हरियाणातल्या खासगी रुग्णालयांनी आयुष्मान भारतचे रुग्ण घेणं थांबवलं. सप्टेंबरमध्ये तेलंगणात राज्याच्या आरोग्यश्री योजनेच्या रुग्णांवर तीच पाळी आली. दोन्हीकडे कारण एकच होतं: केलेल्या कामाचे पैसे थकले होते. सरकारी उत्तरही ठरीव असतं. थोडा निधी सुटला आहे, उरलेला लवकरच सुटेल, गरिबांना वेठीस धरू नका. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या अंगीकृत रुग्णालयांची अशीच कुरकुर अधूनमधून कानावर येते. चार दिवस बातम्या चालतात, एक बैठक होते, विषय मिटतो आणि काही महिन्यांनी थकबाकीचा नवा आकडा घेऊन पुन्हा उभा राहतो.

अशा वेळी डॉक्टर लोभी की सरकार कंगाल एवढ्यावरच वाद रंगतो. पुरावे दोन्ही बाजूंना भरपूर असल्यामुळे तो निकालात निघत नाही. त्यापेक्षा या दोघांमधला करार उघडून पाहणं मला जास्त कामाचं वाटतं. पैसे कोणत्या कामाचे, किती, कधी मिळणार, काम महागात पडलं तर भुर्दंड कोणी सोसायचा, हे त्यात लिहिलेलं असतं. जे लिहायचं राहून जातं तेही कोणीतरी सोसतंच. गेली साठ वर्षं जगभर या करारांवर प्रयोग चालू आहेत आणि त्यांचे निकाल बऱ्यापैकी हाती आहेत. आपल्याकडे मात्र सगळं बोलणं पॅकेजच्या दरापाशी येऊन अडतं. पैसे येण्याची तारीख हाही दराचाच भाग आहे, आणि आपली सरकारं खर्चाला आवर घालतात तो मुख्यतः या तारखेच्या वाटेने, करारात तसं कुठेही न लिहिता. या लेखात मला दाखवायचं आहे ते हे.

रुग्णालयाची सेवा विकत घेणं हा मुळातच अडचणीचा व्यवहार. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ साली त्याची नीट मांडणी केली. आजाराविषयी विकणाऱ्याला सगळं ठाऊक आणि घेणाऱ्याला जवळपास काहीच नाही. त्यात विमा आला की पैसे देणारा तिसराच निघतो. आपल्या योजनांमध्ये रुग्ण पैसे देत नाही आणि पैसे देणारा रुग्णाला पाहत नाही. रुग्णाला पाहतो तो डॉक्टर, आणि बिलही त्याच्याच रुग्णालयाकडून जातं.

अमेरिकेने १९६५च्या कायद्याने वृद्धांसाठी मेडिकेअर सुरू केली तेव्हा सोपा मार्ग धरला. रुग्णालयाचा जेवढा वाजवी खर्च झाला तेवढा भरून द्यायचा, सुरुवातीला तर वर दोन टक्के. झालेला खर्च परत मिळणारच असेल तर काटकसर कोण करणार? मुक्काम लांबले, यंत्रं वाढली, खाटा वाढल्या. बांधलेली खाट रिकामी राहत नाही, हे मिल्टन रोमर यांचं निरीक्षण त्याच काळात गाजलं. १९८३ साली पद्धत उलटी केली गेली. येल विद्यापीठातल्या रॉबर्ट फेटर आणि जॉन थॉम्पसन यांनी निदान, शस्त्रक्रिया, वय आणि गुंतागुंत पाहून रुग्णांचे गट पाडले होते; एका गटातल्या रुग्णांवर साधारण सारखा खर्च व्हावा, हा निकष. गंमत म्हणजे ही गटवारी पैसे चुकते करण्यासाठी जन्मलेलीच नव्हती. रुग्णालयाचं काम मोजायचं कसं, एवढाच त्यांचा प्रश्न होता. न्यू जर्सी राज्याने ती पैसे देण्यासाठी वापरून पाहिली, मग मेडिकेअरने उचलली: सुमारे ४७० गट आणि प्रत्येक गटाला आधीच ठरलेली रक्कम. यालाच डीआरजी म्हणतात. रुग्ण चार दिवसांत घरी गेला तर उरलेले पैसे रुग्णालयाचे, दहा दिवस राहिला तर तोटाही रुग्णालयाचा.

परिणाम लगेच दिसले. मेडिकेअरच्या रुग्णांचा सरासरी मुक्काम झपाट्याने घटला. रँड या संस्थेच्या अभ्यासकांनी तपासलं तेव्हा मृत्यू वाढल्याचं दिसलं नाही, पण प्रकृती पुरती स्थिरावण्याआधीच घरी पाठवलेल्यांचं प्रमाण वाढलं होतं. दुसरा परिणाम कागदावरचा. १९८८ साली गटांच्या व्याख्येत एक बदल झाला आणि ‘गुंतागुंतीसह’ या नोंदीची किंमत काही आजारांत एकदम वाढली. लीमोर डॅफ्नी यांनी पुढे दाखवलं की त्या आजारांत गुंतागुंतीचे रुग्ण कागदोपत्री वाढले. त्यांच्यावरचे उपचार मात्र फारसे बदलले नाहीत. आजार तेच आणि रुग्ण तेच असताना नोंदीच काय त्या महाग झाल्या. आपल्याकडे योजनेत गैरप्रकार झाला की तो आपल्या मातीचाच गुण असल्यासारखं बोललं जातं, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

ब्रिटनचा धडा वेगळा आहे आणि आपल्या निविदाप्रेमी प्रशासनाने तो वाचायला हवा. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत १९९१पासून खरेदी करणारे आणि सेवा देणारे वेगळे केले गेले. त्या दशकात रुग्णालयं दरावर घासाघीस करून कंत्राटं मिळवत. कॅरल प्रॉपर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं की जिथे स्पर्धा तीव्र तिथे हृदयविकाराच्या झटक्याने दाखल झालेल्यांचे मृत्यू जास्त. दर डोळ्यांना दिसतो, दर्जा दिसत नाही. म्हणून काटछाट दर्जातच झाली. पुढे दर देशभर एकसारखे ठरवले आणि २००६पासून रुग्णाला रुग्णालय निवडू दिलं, तेव्हा त्याच अभ्यासकांना उलटं चित्र दिसलं: स्पर्धेच्या भागात मृत्यू कमी झाले. दर बांधलेला असेल तर स्पर्धा दर्जावर होऊ शकते, मात्र दर्जा दिसण्याची काहीतरी सोय लागते आणि दर खर्चाच्या आसपास असावा लागतो.

भारतात दर बांधलेलेच आहेत. निविदा निघते ती विमा कंपनीच्या हप्त्याची. रुग्णालयाला दरपत्रक मान्य आहे की नाही, एवढंच सांगायचं असतं. महाराष्ट्रात हृदय, मूत्रपिंड, मेंदू, कर्करोग अशा मोजक्या आजारांसाठी जीवनदायी योजना १९९७पासूनच होती. २००७ साली आंध्र प्रदेशात आरोग्यश्री आली आणि तिचा साचा देशभर गेला. आपल्याकडे २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर २०१३मध्ये राज्यभर पसरली, नंतर तिला महात्मा फुले यांचं नाव मिळालं. सप्टेंबर २०१८मध्ये प्रधानमंत्री जन आरोग्य योजना, म्हणजेच आयुष्मान भारत, आली, १ एप्रिल २०२०पासून दोन्ही योजना एकत्र चालू लागल्या आणि २०२३ साली राज्यातल्या सगळ्याच कुटुंबांना पाच लाखांपर्यंतचं संरक्षण देण्याचा निर्णय झाला. पिवळं-केशरी शिधापत्रिकांचं कुंपण निदान कागदावर तरी गेलं. गोव्याने हे आधीच केलं होतं: २०१६च्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत उत्पन्नाची अट नाही, पाच वर्षांचं वास्तव्य पुरतं.

आपलं पॅकेज आणि डीआरजी यांत मोठा फरक आहे. पॅकेज शस्त्रक्रियेला लावलेलं असतं, रुग्णाला नाही. बायपासचा रुग्ण पंचेचाळिशीचा धडधाकट असो की सत्तरीचा, मधुमेही, मूत्रपिंडं थकलेला असो, रक्कम तीच. पहिल्याला सहाव्या-सातव्या दिवशी घरी पाठवता येईल, दुसरा तीन आठवडे अतिदक्षता विभागात राहू शकतो. शहाणं रुग्णालय काय करेल हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. “आमच्याकडे आत्ता खाट नाही, ससूनला न्या.” हे वाक्य कोणी नियम मोडून म्हणत नाही, ते दरपत्रकातूनच निघतं. त्यामुळे सरकारी रुग्णालयाकडे अवघड रुग्ण साचतात आणि मग त्यांचा मृत्युदर पाहून लोक खासगीकडे वळतात. हे मला या सगळ्या व्यवस्थेतलं सर्वांत अन्यायाचं वाटतं.

दर पुरतात का? २०१८च्या पहिल्या केंद्रीय यादीत सिझेरियनला ९,००० रुपये होते, बायपासला १ लाख १० हजार. डॉक्टरांच्या संघटनांनी तेव्हाच आरडाओरडा केला. मग चंदीगडच्या पीजीआयमधल्या शंकर प्रिंजा यांच्या गटाने देशभरच्या रुग्णालयांत खर्चाची मोजणी केली आणि तिच्या आधारे दर टप्प्याटप्प्याने सुधारले गेले. २०२२च्या यादीत १,९४९ उपचार होते आणि शहराच्या प्रकारानुसार दरात फरक आला. हे काम चांगलं झालं, सरकारी कामात क्वचितच होतं तसं. पण ‘खर्च’ हा एकच आकडा नसतो. अर्धी रिकामी निघालेली एसटी वाटेतल्या प्रवाशाला अर्ध्या तिकिटात घेते तेव्हा महामंडळाचा तोटा होत नाही. गाडी तशीही जाणारच होती. सगळी गाडी अर्ध्या तिकिटावर चालवा म्हटलं तर डिझेलचेही निघत नाहीत. तसं, ज्या मोठ्या रुग्णालयात खासगी विम्याचे आणि रोख पैसे भरणारे रुग्ण आहेत त्याला रिकाम्या खाटेवर योजनेचा रुग्ण परवडतो, खाट भरली की परवडत नाही. तालुक्याच्या गावातलं तीस खाटांचं रुग्णालय मात्र बहुतांशी योजनेवरच चालतं. त्याला औषधं, टाके, टेप यांच्या पलीकडे इमारतीचं कर्ज आणि परिचारिकांचे पगारही याच दरातून काढायचे असतात. एकाच दराला दोघांची दोन वेगळी उत्तरं असतात आणि दोन्ही खरी असतात.

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस योजनेचे दर २०१४नंतर बराच काळ जवळपास गोठून राहिले. व्यापक सुधारणा व्हायला २०२५चा ऑक्टोबर उजाडला. राज्य कामगार विमा महामंडळाचे रुग्णालयांशी असलेले करार बहुधा याच दरांवर असतात, त्यामुळे एक यादी गोठली की दुसरीही गोठते.

आता तारखेकडे. नाशिकच्या किंवा सोलापूरच्या एखाद्या मध्यम रुग्णालयात योजनेच्या खिडकीशी अर्धा तास उभं राहिलं की करार म्हणजे काय ते दिसतं. आरोग्यमित्र शिधापत्रिका आणि आधार पाहतो, नोंदणी करतो. मग अँजिओग्राफीची सीडी, रक्ताचे अहवाल, डॉक्टरांची टिपणी वर चढवून प्री-ऑथ, म्हणजे आगाऊ मंजुरी, मागायची. मंजुरी आली की शस्त्रक्रिया. नंतर ऑपरेशनची नोंद, बसवलेल्या स्टेंटचं किंवा प्लेटचं स्टिकर, नंतरचा एक्स-रे, रुग्णाचा खाटेवरचा फोटो, डिस्चार्ज कार्ड. पॅकेजात जेवण धरलेलं असतं आणि घरी परतण्याचं एकवेळचं भाडंही. ते मिळाल्याची रुग्णाची सही किंवा अंगठा लागतो. हे सगळं गेलं की क्लेम ‘टाकला’. मग क्वेरी येते. एक्स-रेवर तारीख दिसत नाही. सहीचा कागद वाकडा स्कॅन झालाय. क्वेरीला उत्तर दिलं की दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. मोठ्या रुग्णालयात या कामाला चार-पाच जणांचा वेगळा विभाग असतो. छोट्या ठिकाणी एकच मुलगी नोंदणीही करते, औषधाचं बिलही करते आणि क्वेरीचं उत्तरही देते. ती बाळंतपणाच्या रजेवर गेली की क्लेम मागे पडतात.

आयुष्मान भारतच्या नियमांत पूर्ण कागदपत्रांचा क्लेम पंधरा दिवसांत निकाली काढायचा आहे. परराज्यातला रुग्ण असेल तर तीस दिवसांत. समजा, एक लाखाचा क्लेम नऊ महिन्यांनी आला आणि रुग्णालय दरम्यान १४ टक्क्यांच्या कॅश क्रेडिटवर चाललं. व्याजाचेच साडेदहा हजार गेले. क्वेरीत आणखी पाच टक्के कापले गेले तर हाती आले साडेचौऱ्याऐंशी हजार. दरपत्रकावर लाख तसेच राहतात. आणि ही कपात सगळ्यांवर सारखी बसत नाही. ज्या साखळी रुग्णालयामागे भांडवल आहे ते थांबू शकतं, किंवा योजनाच सोडू शकतं. ज्या विश्वस्त रुग्णालयाला दोन्ही जमत नाही ते औषधविक्रेत्याचे पैसे थकवतं. तिसरी वाट तेवढीच वहिवाटीची आहे: रुग्णाकडून घ्यायचे. “हे इंजेक्शन योजनेत बसत नाही, बाहेरून आणा.” “डिपॉझिट भरा, क्लेम आला की परत देऊ.” उशिरा पैसे देणारा ग्राहक शेवटी कोणते विक्रेते टिकवून ठेवतो? एक तर ज्यांना दुसरा पर्याय नाही ते, नाही तर ज्यांना रुग्णाच्या खिशात हात घालायचा संकोच नाही ते.

हे नुसतं तर्काचं नाही. राजस्थानात भामाशाह योजना होती, डिसेंबर २०१५पासूनची. राधिका जैन यांनी तिचे क्लेम आणि रुग्णांच्या मुलाखती ताडून पाहिल्या. उपचार मोफत असताना रुग्ण पैसे भरत होते, आणि रुग्णालयं जास्त दराच्या शस्त्रक्रियांच्या नोंदी करत होती. सरकारने दर वाढवले तेव्हा रुग्णांवरचा बोजा हलका झाला, पण वाढीचा काही भागच त्यांच्यापर्यंत पोचला. उरलेला रुग्णालयांनी ठेवला. म्हणजे दर वाढवून उपयोग होतो, पुरता होत नाही. छत्तीसगडमध्ये समीर गर्ग आणि सहकाऱ्यांनी २०२०मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर आयुष्मान भारत आल्यावरही खिशातून होणारा खर्च घटल्याचं दिसलं नाही.

दुसऱ्या तागडीतही वजन आहे. कर्नाटकात वाजपेयी आरोग्यश्री आधी राज्याच्या उत्तर भागात सुरू झाली, तेव्हा योजनेच्या हद्दीच्या अलीकडची आणि पलीकडची गावं ताडून पाहता आली. नीरज सूद आणि सहकाऱ्यांच्या २०१४च्या अभ्यासात, योजनेत बसणाऱ्या आजारांचे मृत्यू हद्दीच्या आतल्या गरीब घरांत ६४ टक्के कमी निघाले. विमा योजनांना सरसकट कॉर्पोरेटची सोय म्हणणाऱ्या माझ्या काही डाव्या मित्रांकडे या आकड्याला उत्तर नसतं.

मग पैसे थकतात कशाने? इथे जोखीम कोणाच्या माथ्यावर, हे पाहावं लागतं. २०१२च्या महाराष्ट्राच्या योजनेत सरकारी मालकीच्या विमा कंपनीला दर कुटुंबामागे वर्षाला ३३३ रुपये हप्ता होता. २०२०च्या करारात ७९७ रुपये. कंपनी हप्त्यातला प्रशासनाचा ठरावीक वाटा ठेवते आणि क्लेम कमी झाले तर शिल्लकीचा मोठा भाग सरकारला परत करते. क्लेम जास्त झाले तर? कागदावर तोटा कंपनीचा. पण तोटा दिसू लागला की कंपनीचे डॉक्टर जास्त काळजीने क्वेरी काढू लागतात. २०२०च्या व्यवस्थेत दीड लाखापर्यंतचा भाग कंपनीकडे आणि त्यावरचा थेट राज्य आरोग्य हमी सोसायटीकडे होता. एकाच रुग्णाचे पैसे दोन तिजोऱ्यांतून येणार. विमा कंपनी मधून काढली की सोसायटी स्वतः पैसे देते, त्याला हमी तत्त्व म्हणतात. त्यात क्लेम नाकारण्यातला नफ्याचा हेतू जातो, हे चांगलं. पण पैसे पुरवणी मागण्यांवर, केंद्राच्या ६० टक्के हिश्श्यावर आणि वित्त विभागाच्या मर्जीवर येतात. केंद्राचा हप्ता लांबला की राज्याचा लांबतो आणि सगळ्यात शेवटी रुग्णालयाचा.

खर्चाला मर्यादा असलेली कोणतीही सार्वजनिक योजना शेवटी तीनपैकी एका ठिकाणी चेपते: दर, रुग्णसंख्या किंवा वेळ. तैवानमध्ये १९९५पासून सगळ्या देशाचा एकच विमा आहे. तिथे वर्षाची एकूण रक्कम वाटाघाटीने ठरते आणि प्रत्येक उपचाराला रक्कम नव्हे तर गुण मिळतात. रुग्णालयांनी मिळून जास्त काम केलं की एका गुणाची किंमत उतरते, आणि ती जाहीर होते. थायलंडने २००२ साली सर्वांसाठी योजना आणली. बाह्यरुग्ण सेवेसाठी नोंदलेल्या माणसामागे वर्षाची रक्कम आणि दाखल रुग्णांसाठी डीआरजी, पण ठरलेल्या एकूण रकमेच्या आत. जर्मनीत ठरल्यापेक्षा जास्त रुग्ण झाले तर जादा रुग्णांना कमी दर मिळतो. या सगळ्यांत रुग्णालयांची ओरड असतेच. तैवानचे डॉक्टर गुणाच्या किमतीवर सतत नाराज असतात. पण किती कापलं हे त्यांना माहीत असतं, ते सगळ्यांचं सारखं कापलेलं असतं, आणि त्यावर भांडायला एक ठरलेलं टेबल असतं. आपण दर जाहीर ठेवतो, रुग्णसंख्येला अटकाव करणं राजकीयदृष्ट्या शक्य नसतं, मग वेळ ताणतो. किती ताणला, कोणाचा जास्त ताणला, हे कोणी प्रसिद्ध करत नाही. कोणाचा क्लेम लवकर सुटतो, याला मग ओळखीपाळखीचा वास येऊ लागतो.

गैरप्रकार रोखायलाच वेळ लागतो, असं उत्तर मिळतं. ते अर्धं खरं आहे. आयुष्मान भारतच्या आधीच्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत ३०,००० रुपयांच्या कार्डावर छत्तीसगडमध्ये आणि बिहारच्या समस्तीपूरमध्ये गरज नसताना गर्भाशयं काढली गेल्याच्या तक्रारी २०१२मध्ये उघड झाल्या. बाईच्या शरीराला दर लावला की काय होतं, ते देशाने तेव्हा पाहिलं. महाराष्ट्राने शंभराहून अधिक उपचार केवळ सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवले आहेत, ते अशाच मोहाला आवर घालायला. पण २०२३चा महालेखापरीक्षकांचा आयुष्मान भारतवरचा अहवाल वाचा. सुमारे साडेसात लाख लाभार्थी ९९९९९९९९९९ या एकाच मोबाइल क्रमांकाला जोडलेले. आधी मृत म्हणून नोंद झालेल्या ३,४४६ रुग्णांच्या नावे नंतरच्या उपचारांचे ६.९७ कोटी चुकते झालेले. म्हणजे वाकडा स्कॅन झालेला सहीचा कागद गाळणीत अडकतो आणि मेलेला माणूस आरपार जातो. प्रत्येक क्लेम थोडा थोडा अडवण्यापेक्षा बहुतेक क्लेम वेळेत सोडून मोजक्यांची नंतर खोल तपासणी करणं, आणि सापडला त्याला जबर दंड, हा मार्ग स्वस्त पडतो. कोविडच्या काळात नागपूर-मुंबईत महापालिकांच्या लेखापरीक्षकांनी बिलं तपासली तेव्हा लोकांना पैसे परतही मिळाले.

त्या काळातला दुसरा प्रयोग कमी चर्चिला गेला. मे २०२०मध्ये राज्याने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांना दर बांधून दिले: साध्या खाटेला दिवसाला ४,०००, अतिदक्षता ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. २० टक्के खाटा रुग्णालयाच्या मर्जीच्या. वर्षभराने, जून २०२१पासून, शहरांचे तीन वर्ग पाडले आणि तिसऱ्या वर्गात साधी खाट २,४०० झाली. दर दिवसाचा असल्यामुळे मुक्काम लांबवायचा मोह आणि दरातून वगळलेल्या वस्तूंवर, पीपीई किटपासून तपासण्यांपर्यंत, वसुली हे दोन्ही झालं. २०१७च्या फेब्रुवारीत स्टेंटची किंमत बांधली तेव्हाही हेच ऐकू आलं होतं: स्टेंट स्वस्त, पण अँजिओप्लास्टीचं एकूण बिल त्या मानाने उतरलं नाही. एक बाजू दाबली की दुसरी फुगते. म्हणून बांधायचं तर संपूर्ण उपचाराचं पॅकेज बांधावं; या बाबतीत आपल्या योजनेचा पाया ठीक आहे.

धर्मादाय रुग्णालयांचा गुंता स्वतंत्र लेखाचा आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६च्या योजनेनुसार त्यांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवायच्या आणि बिलांच्या दोन टक्के रक्कम त्यासाठीच्या निधीत टाकायची असते. आता तोच गरीब रुग्ण सरकारी योजनेतही बसतो. मग रुग्णालयाने त्याला कोणत्या खात्यात धरायचं? योजनेत धरलं तर क्लेम मिळतो, धर्मादाय खाट शिल्लक दाखवता येते. दोन्ही नोंदी एकमेकींशी जुळवून पाहणारी नेहमीची यंत्रणा असायला हवी.

केसमागे ठरावीक रक्कम देण्यालाही मर्यादा आहेत. जर्मनीने २००४पासून सगळ्या रुग्णालयांना डीआरजी सक्तीची केली आणि वीस वर्षांनी ती सैल करायला घेतली. दर केसमागे पैसे मिळणार म्हटल्यावर रुग्णालयांनी गुडघे-नितंबांच्या शस्त्रक्रिया वाढवल्या आणि परिचारिका कमी केल्या. २०२०मध्ये परिचारिकांचा खर्च डीआरजीतून बाहेर काढला. २०२४च्या शेवटी मंजूर झालेल्या कायद्याने तर मोठा भाग, सुमारे ६० टक्के, केवळ सज्ज राहण्यासाठी द्यायचं ठरवलं: विभाग चालू आहे, माणसं जागेवर आहेत, यासाठी. केस झाली तर उरलेले.

हा विचार आपल्याकडे गडचिरोलीत नेऊन पाहण्यासारखा आहे. आयुष्मान भारतमध्ये आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांतल्या रुग्णालयांना १० टक्के जादा दर आहे. महाराष्ट्रात गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव हे ते जिल्हे. ज्या तालुक्यात शस्त्रक्रिया करणारं खासगी रुग्णालयच नाही तिथे हा जादा दर कोणाला द्यायचा? नंदुरबारच्या धडगावात किंवा गडचिरोलीच्या भामरागडमध्ये महिन्याला जेमतेम काही सिझेरियन होतील. तेवढ्यासाठी भूलतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ, रक्तसाठा केंद्र आणि रात्रीची परिचारिका तीसही दिवस लागतात, आणि कोणताही दर केसमागे दिला तरी तेवढ्या केसेसमध्ये हा खर्च बसत नाही. तिथे खरेदी करायची ती सज्जता. सरकारी ग्रामीण रुग्णालयात पगाराच्या रूपाने आपण ती आधीच खरेदी करत असतो, पदं भरलेली असतील तर. भूलतज्ज्ञाचं एक पद भरणं हा हिशेबाने जर्मनीच्या नव्या कायद्यासारखाच करार आहे. फक्त तो आस्थापना खर्चात लिहिला जातो, योजनेच्या खर्चात नाही, आणि त्याच्या कार्डावर कोणाचा फोटो छापता येत नाही.